एकदा बंद करून बघा

घरातली एखादी वस्तू बंद पडली की मराठी घरात पहिला प्रश्न ‘काय झालं?’ असा येत नाही. पहिला प्रश्न येतो, ‘कोणी हात लावला होता?’ मिक्सर असो, वॉशिंग मशीन असो नाहीतर वायफायचा डबा असो, चौकशी आधी माणसांची होते, यंत्राची नंतर. संशयितांची यादीही ठरलेली असते. शेवटचा वापरणारा, सुट्टीला आलेली भाचरं आणि सकाळी केर काढून गेलेल्या ताई, ज्यांनी त्या वस्तूवरून फक्त फडकं फिरवलेलं असतं. सगळ्यांचा जबाब एकच असतो, ‘मी तर हातही लावला नाही.’ मग हात न लावताच वस्तू बिघडली, अर्थात कंपनीच चोर, असा निकाल लागतो आणि पुढच्या टप्प्याला सुरुवात होते.

पुढचा टप्पा म्हणजे टेस्टरवाले काका. प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच. बँकेतून किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला, आणि शर्टाच्या खिशाला पेनाशेजारी टेस्टर अडकवून फिरणारा. काका येतात, चष्मा कपाळावर सरकवतात, टेस्टर प्लगच्या भोकात घालतात. आतला इवलासा दिवा पेटतो. ‘सप्लाय येतोय,’ काका जाहीर करतात. इथे त्यांचं विद्युतशास्त्र संपतं, चहा सुरू होतो. खरं म्हणजे तो दिवा फेज आहे एवढंच सांगतो, न्यूट्रलबद्दल अवाक्षर काढत नाही. न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असेल आणि घरातलं एखादं बटण चालू राहिलेलं असेल, तर प्लगच्या दोन्ही भोकांत दिवा पेटतो. त्या दिवशी घरात एकही वस्तू चालत नाही आणि काका सांगतात, ‘आज तर डबल सप्लाय आहे.’

काका गेल्यावर पूर्वी थापेची पाळी यायची. जुन्या खोकेवजा टीव्हीला कुठे थाप मारायची ती जागा घरोघरी वेगळी असे आणि ती फक्त वडिलांना ठाऊक असे. आमच्याकडे ती उजव्या अंगाला, मागच्या जाळीजवळ होती. शेजाऱ्यांच्या टीव्हीला आमच्या वडिलांची थाप लागू पडत नसे, त्यासाठी शेजारचेच वडील लागत. हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा मात्र नव्हता. टीव्ही तासन्‌तास तापायचा, रात्री निवायचा, आणि या रोजच्या प्रसरण-आकुंचनात आतल्या पाटीवरचे डाख तडकायचे. थाप बसली की सुटलेला डाख पुन्हा टेकायचा आणि चित्र यायचं. ते रविवारचा सिनेमा संपेपर्यंत टिकलं तरी लोक समाधानी असत. आता टीव्ही पोळपाटापेक्षा पातळ झाले. त्यांना थाप मारली तर चित्र येत नाही, नवा टीव्ही येतो.

रिमोटच्या बाबतीत मात्र आपण अजून थापेच्याच युगात आहोत. रिमोट चालेनासा झाला की तो आधी तळहातावर आपटायचा. मग मागचं झाकण उघडून सेल जागच्या जागी गोल फिरवायचे. मग याच्या जागी तो आणि त्याच्या जागी हा घालायचा. मग उन्हात ठेवायचे. गंमत अशी की यातलं बरंचसं काही काळ चालतं. फिरवल्यामुळे टोकांवर धरलेला गंज खरवडला जातो, आणि विश्रांती मिळालेला सेल थोडीशी उभारी धरतो. सेलचा नवा जोड घरात असतोच, फक्त तो कुठे ठेवलाय हे कोणाला आठवत नाही. शेवटी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून रिमोटला लावला जातो. मालिका वेळेवर सुरू होते आणि घरातली वेळ सात चाळीसला थांबते. रिमोट जिवंत आहे की नाही हे बघायची एक सोपी युक्ती आहे. त्याचा पुढचा दिवा मोबाईलच्या सेल्फीच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि बटण दाबायचं. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश बहुतेक मोबाईलच्या पडद्यावर लुकलुकताना दिसतो. दिसला तर रिमोट ठीक, दोष टीव्हीत. ही युक्ती मी सोसायटीत ज्यांना ज्यांना दाखवली, त्यांनी आधी त्याच कॅमेऱ्यात स्वतःचे केस सारखे केले.

तांदळाचा डबा हाही असाच एक घरगुती उपाय. मोबाईल पाण्यात पडला की तो थेट तांदळात जातो. ॲपल कंपनीने २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना स्पष्ट बजावलं की ओला फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. मात्र कोणता तांदूळ हे कंपनीने सांगितलं नाही. त्यामुळे इंद्रायणी चालेल का, हा प्रश्न आमच्याकडे अजून खुला आहे.

आता खऱ्या तज्ज्ञाकडे वळू. प्रत्येक कुटुंबात एक जण ‘कॉम्प्युटरमधला’ असतो. तो टोरोंटोत विमा कंपनीच्या हिशेबाचे प्रोग्रॅम लिहितो. नातेवाइकांच्या दृष्टीने मात्र हृदयाच्या डॉक्टरला जसं पडसं कळायलाच हवं, तसा त्याला प्रिंटर, गिझर आणि गॅसची शेगडी दुरुस्त करता यायलाच हवी. तिकडे मध्यरात्र उलटलेली असताना त्याला मावशीचा व्हिडिओ कॉल येतो.

‘अरे, तो प्रिंटर चालत नाहीये.’

‘मावशी, नक्की काय होतंय?’

‘काहीच होत नाहीये, तेच तर सांगतेय ना!’

‘पडद्यावर काही आलं होतं का?’

‘आलं होतं की. इंग्रजीत काहीतरी होतं. लाल चौकट होती.’

‘काय लिहिलं होतं त्यात?’

‘ते कोण वाचत बसतंय? मी ओके दाबलं.’

‘बरं. मग?’

‘मग परत आलं. परत दाबलं. मग यायचंच बंद झालं.’

भाचा डोळे चोळत म्हणतो, ‘मावशी, लॅपटॉप एकदा बंद करून चालू कर बरं.’ मावशी बंद करते. व्हिडिओ कॉल त्याच लॅपटॉपवरून चाललेला असल्यामुळे भाच्याला निदान उरलेली रात्र झोप मिळते.

मावशीला हसायचं काही कारण नाही. ती लाल चौकट लिहिणाऱ्यांनी तरी काय मोठं लिहिलेलं असतं? ‘काहीतरी चुकलं आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ यंत्र म्हणतं काहीतरी चुकलं, मावशी म्हणते इंग्रजीत काहीतरी आलं. दोन्ही निवेदनांत माहिती सारखीच. कोट्यवधी रुपये खर्चून केलेल्या प्रोग्रॅमला आपल्याला काय दुखतंय हे धड सांगता येत नाही, आणि आपण मात्र मावशीने नेमकं सांगावं अशी अपेक्षा धरतो.

एवढं सगळं करून भागलं नाही की कंपनीचा माणूस बोलवावा लागतो. त्यासाठी आधी ग्राहक सेवेच्या क्रमांकावर फोन. तिथली बाई सांगते, मराठीसाठी अमुक दाबा. आपण अस्मितेने दाबतो. मग आणखी चार वेळा काय काय दाबतो, आणि शेवटी जो माणूस बोलतो तो म्हणतो, ‘जी सर, बताइए.’ इंटरनेट बंद असेल तर वाट बघताना आणखी एक सूचना ऐकू येते, ‘जलद सेवेसाठी आमच्या संकेतस्थळाला भेट द्या.’ मग तो माणूस आपल्या कागदावरचा पहिला प्रश्न विचारतो. ‘सर, राउटर एकदा बंद करून चालू केलात का?’ डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल लागलाय, असं आपण सांगतो. त्या दिव्याचा अर्थ बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाहीये, म्हणजे केबल कुठेतरी तुटलीय किंवा निखळलीय. आणि खिडकीतून खाली बघितलं तर गल्लीत जेसीबी उभा असतो. तो जेसीबी निघून जाईपर्यंत आपण घरातला राउटर शंभर वेळा बंद करून चालू केला तरी रस्त्यातली केबल जोडली जाणार नाही. पण कागदावर ती पायरी आहे. पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणतो, ‘एक बार कर लीजिए सर.’ आपण करतो. जेसीबीही त्याच वेळी इंजीन बंद करून चालू करतो, तेवढाच काय तो दिलासा.

यथावकाश माणूस येतो. ‘सिग्नलला आहे’ असं सांगून दीड तासाने येतो. आणि त्याने बेल वाजवताक्षणी दोन दिवस गप्प असलेलं वॉशिंग मशीन फिरायला लागतं. आपण कळवळून सांगतो, ‘अहो, आत्तापर्यंत बंदच होतं.’ तो सगळं ऐकल्यासारखं हसतो आणि येण्याजाण्याचे पैसे मागतो.

भौतिकशास्त्रात याच्या बरोबर उलटी एक दंतकथा आहे. वोल्फगांग पाउली हे १९४५ चे नोबेलविजेते. त्यांच्याबद्दल असा समज होता की ते प्रयोगशाळेत शिरले की उपकरण बिघडतं. ऑटो स्टर्न यांनी म्हणे त्यांना आपल्या प्रयोगशाळेत यायलाच बंदी घातली होती. एकदा ग्योटिंगेनमध्ये जेम्स फ्रांक यांचं उपकरण कारण नसताना मोडलं आणि तेव्हा पाउली गावातही नव्हते. निदान या वेळी तरी तुमचा दोष नाही, असं फ्रांकनी त्यांना गमतीने कळवलं. त्यावर उत्तर आलं की त्या वेळी माझी गाडी कोपनहेगनला जाताना ग्योटिंगेनच्या स्टेशनात उभी होती. हा किस्सा किती खरा ते सोडा, खुद्द पाउलींना तो आवडायचा. आमच्या वॉशिंग मशीनच्या कारागिराला मात्र आपल्या अंगी पाउलींच्या उलटी शक्ती आहे याची कल्पना नाही. असती तर त्याने यायचे जास्त पैसे लावले असते, आणि ते रास्तच ठरले असते.

बिघाड त्याच्यासमोर टिकलाच तर निदान एका शब्दात होतं. ‘पीसीबी गेलाय.’ पीसीबी म्हणजे आतली सर्किटची पाटी. फ्रिज असो, एसी असो, मायक्रोवेव्ह असो, हल्ली सगळ्यांचा पीसीबीच जातो. पूर्वी कपॅसिटर जायचा, शेपन्नास रुपयांत पंखा पुन्हा गरगरायचा. पीसीबी गेला की नव्या वस्तूच्या निम्मी किंमत सांगतात, आणि ‘त्यापेक्षा नवीनच घ्या’ हा सल्ला फुकट देतात. पीसीबी का गेला असं विचारलं तर एसीवाला स्टॅबिलायझरकडे बोट दाखवतो, स्टॅबिलायझरवाला घरातल्या वायरिंगकडे, वायरमन अर्थिंगकडे, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पाणी ओतून झालं की सगळे मिळून एमएसईबीकडे. वीज मंडळाचं महावितरण होऊन बरीच वर्षं झाली, पण दोष द्यायला जुनंच नाव बरं पडतं. तेवढ्यात तो माणूस म्हणतो, ‘तुमच्या मोबाईलवर एक ओटीपी आलाय बघा, तेवढा द्या.’ तो आकडा दिला की कंपनीच्या दप्तरी आपली तक्रार मिटते. एसी अजून गरम हवाच फेकत असतो. ‘आणि साहेब, फाइव्ह स्टार द्या हं, नाहीतर माझा पगार कापतात.’ आपण देतो. देशातल्या निम्म्या पंचतारांकित दुरुस्त्या अशा होत असाव्यात, असा माझा दाट संशय आहे.

आता मुद्द्याचं. कागदावरची ती पहिली पायरी, ज्यावर आपण सगळे हसतो, ती जगातल्या थोरामोठ्यांचीही पहिली पायरी आहे. विंडोज ९५ मध्ये यंत्र सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक मोजक होता. तो ४९.७ दिवसांनी भरायचा आणि संगणक गारठायचा. हा दोष सर्वांसमोर यायला १९९९ साल उजाडलं, कारण तोपर्यंत विंडोज ९५ सलग सात आठवडे न कोसळता चालवणारा माणूस बहुधा निपजलाच नव्हता. बोइंग ७८७ हे अत्याधुनिक विमान. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने त्याबद्दल आदेश काढला. विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर सांभाळणाऱ्या यंत्रणेतला मोजक भरतो आणि सगळे जनरेटर एकदम हात वर करू शकतात, तेव्हा ठरावीक काळाने वीज पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. एअरबस ए३५० च्या काही विमानांना तर १४९ तासांच्या आत तसं करायचा आदेश २०१७ मध्ये युरोपात निघाला. आणि १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा प्रोग्रॅमच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. अक्षर बरं होतं, हेही नोंदवायला हवं. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडच्या ग्राहकांना काय सांगितलं? बंद करून चालू करा, काही जणांना पंधरा वेळा करावं लागलंय. पंधरा! आमचे काका आठव्या वेळीच म्हणतात, ‘जाऊ दे, मरू दे ते.’

हा उपाय चालतो याचं कारण साधं आहे. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा सगळं जागच्या जागी असतं, निर्मात्याने तपासलेलं असतं. मग तो दिवसेंदिवस चालत राहतो. मेमरीतली जागा घेतो आणि परत करायला विसरतो, आकडे भरत जातात, दोन कामं एकमेकांची वाट बघत बसून राहतात. बंद केलं की हे सगळं पुसलं जातं आणि यंत्र पुन्हा त्या पहिल्या, ठाऊक असलेल्या स्थितीला येतं. मात्र बटण टक-टक करून उपयोग नाही. आतल्या कपॅसिटरांत वीज थोडा वेळ साठून राहते, म्हणून बंद केल्यावर मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे म्हणावेत. आमच्याकडे तीस म्हणेपर्यंत दुसरं कोणीतरी येऊन बटण चालू करतं, तो भाग वेगळा.

पण या उपायात एक खोट आहे आणि ती फारसं कोणी सांगत नाही. बंद करून चालू केलं की बिघाडाबरोबर त्याचा पुरावाही पुसला जातो. का बिघडलं होतं हे कधीच कळत नाही. मग ते पुन्हा बिघडतं, आपण पुन्हा बंद करतो, आणि यालाच आपण ‘वापरायची सवय झालीय आता’ असं म्हणतो.

ज्यांना बटणापर्यंत हातच पोचत नाही त्यांना असं करून चालत नाही. १९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर १ हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये अचानक निरर्थक शून्य-एक बरळायला लागलं. यान तेव्हा पृथ्वीपासून सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर. निरोप जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. थाप मारायची सोय नाही, ‘सिग्नलला आहे’ म्हणून सांगायला कोणी नाही, आणि टेस्टरवाले काकाही तिथवर जाणार नाहीत. नासाच्या अभियंत्यांनी मार्च २०२४ मध्ये यानाला एक आज्ञा धाडून जरा डिवचलं, आणि उत्तरादाखल यानावरच्या एका संगणकाची अख्खी मेमरी त्यांच्या हाती आली. ती त्यांनी जुन्या, धडधाकट नोंदींशी ताडून पाहिली, आणि एका चिपमुळे सुमारे तीन टक्के मेमरी नासली आहे हे शोधून काढलं. त्या चिपमधला प्रोग्रॅम हलवायला एकत्र मोकळी जागा कुठेच नव्हती. तेव्हा लग्नघरात पाहुण्यांच्या झोपण्याची सोय लावतात तशी त्यांनी सोय लावली. थोडा इथे, थोडा तिथे, आणि कोण कुठे आहे याची यादी वेगळी. एप्रिलमध्ये यान पुन्हा शुद्धीवर येऊन बोलू लागलं. तेव्हाच पंचेचाळीसहून जास्त वर्षं जुनी झालेली वस्तू, आणि कोणीही ‘त्यापेक्षा नवीनच घ्या’ म्हटलं नाही.

या सगळ्या खटाटोपात कौशल्य होतंच, पण सुरुवात झाली ती यान नेमकं काय म्हणतंय ते पूर्ण ऐकून घेण्यापासून. त्या माणसांनी ओके दाबलं नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, एसीवर एखादं अक्षर आणि आकडा लुकलुकायला लागला, राउटरवर नको तो दिवा लाल झाला, तर बंद जरूर करा, पण त्याआधी त्याचा मोबाईलवर एक फोटो काढा. तो कोड कारागिराला फोनवरच सांगितलात तर तो निदान बरोबर भाग घेऊन येण्याची शक्यता वाढते. बिघडलेली वस्तू मोबाईलच असेल तर फोटोला शेजाऱ्यांचा मागा. ओटीपी मात्र एसीतून थंड हवा आल्याशिवाय देऊ नका. आणि फोटो भाच्याला पाठवणार असाल तर पाठवा, फक्त टोरोंटोत किती वाजलेत ते आधी बघा.